कोरियन फ्राइड चिकन : गल्लीतलं दुकान, पार्सलचं खोकं आणि दोनदा तळण्याची किमया

सुवॉनकर

मंडळी, कोरियन खाण्यावर इथे अधूनमधून चर्चा होते, पण गाडी बहुतेक वेळा किमची आणि राम्यॉन नूडल्सवर येऊन थांबते. इथली माणसं शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी जाताना काय घेऊन जातात ते पाहिलंत, तर हातात चिकनचं खोकं दिसेल. त्यावर मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही, म्हणून हा धागा.

मी सुवॉनला राहतो, सोलच्या दक्षिणेला. सॅमसंगमुळे इथे भारतीय बरेच आहेत, मराठी घरंही आहेत. आमच्या इमारतीमागच्या गल्लीत एका जोडप्याचं चिकनचं दुकान आहे. टेबलं दोनच, आणि तीही बहुतेक रिकामी, कारण सगळं गिऱ्हाईक पार्सलचं. नवरा तळतो. बायको फोन घेते, सॉस लावते, खोकी भरते. आधी फोन करून गेलं तरी थोडं थांबावं लागतंच, आणि मला ते थांबणं आवडतं, कारण सगळं काम समोर चाललेलं असतं.

एकदा तळून काढलेले तुकडे जाळीवर पसरलेले असतात, फिकट, जेमतेम रंग आलेले. ऑर्डर आली की ते दुसऱ्यांदा तेलात जातात. कान दिलात तर दोन्ही तळण्यांचा आवाज वेगळा येतो. पहिल्या वेळी तेल खळखळून उसळतं, दुसऱ्या वेळी नुसतं बारीक चुरचुरतं. काका टोपली वर काढून दोन-तीनदा जोरात झटकतात. तुकडे एकमेकांवर आपटून खडखडायला लागले की झालं. मग अर्धे तुकडे तसेच खोक्यात जातात आणि अर्धे मोठ्या स्टीलच्या वाडग्यात. त्यावर लाल यांगन्योम सॉस पडतो आणि काकू वाडगा असा काही उडवतात की प्रत्येक तुकड्याला सॉस लागतो, पण तळाशी साचत मात्र नाही. अर्धं साधं, अर्धं सॉसचं, याला इथे 'बानबान' म्हणतात. सोबत पांढऱ्या मुळ्याच्या आंबटगोड फोडींचा सीलबंद डबा. 'मुळा जास्त द्या' ही विनंती इतकी नेहमीची आहे की ती ऑर्डरचाच भाग झालीय.

माझं ठाम मत असं की हा पदार्थ घरी नेण्यासाठीच घडलेला आहे. पातळ कवच, मैद्याऐवजी स्टार्चवर भर, दोनदा तळणं, ओला मुळा वेगळ्या डब्यात, खोक्याला वाफ जायला भोकं, हे सगळं एकाच हेतूने आहे : दुकानापासून घरापर्यंतच्या वाटेत त्याचा कुरकुरीतपणा जाऊ नये. बसून खायच्या चकचकीत हॉटेलात मला ते कधीच इतकं भावलं नाही. तळल्यापासून दहा-पंधरा मिनिटांनी, कवच जरा निवून घट्ट झालं की ते खरं लागतं.

तुम्ही जिथे असाल तिथले अनुभव लिहा.

मृण्मयी_सातारा

तोंडाला पाणी सुटलं! लेकीमुळे आमच्या घरात कोरियन नावं रोज कानावर पडतात, पण टोपली झटकण्याचा आवाज आज पहिल्यांदा 'ऐकला'. एक शंका. पहिल्यांदा पूर्ण शिजत असेल तर दुसऱ्यांदा तळून मांस कोरडं नाही का पडत?

सुवॉनकर

मृण्मयीताई, नाही पडत, कारण दुसरी तळणी मांसासाठी नसतेच. पहिल्या वेळी १६० अंशांच्या आसपास सावकाश तळतात, त्यात मांस शिजतं. बाहेर काढून ठेवलं की आतला ओलावा हळूहळू कवचात येतो. एकदाच तळलेलं चिकन थोड्या वेळाने मऊ पडतं ते याच ओलाव्यामुळे. इथे तो कवचात आला की पुन्हा १८०-१९० अंशांच्या तेलात दोन-तीन मिनिटं घालून उडवून लावतात. वेळ इतका थोडा असतो की आतल्या मांसाला धक्का लागत नाही. आणखी एक, पहिल्या तळणीत कातडीखालची चरबीही बरीचशी वितळून जाते, म्हणून कातडी रबरासारखी चिवट राहत नाही, कवचाशी एकजीव होते.

रानमेवा

वाचनखूण साठवली. फोटो टाका ना!

पाटील_वारणाकाठ

लेख छान, पण प्रामाणिक मत सांगतो. आमच्याकडे गावठी कोंबडीचा रस्सा खाऊन वाढलेल्यांना ब्रॉयलरचं काही कौतुक नाही. कामानिमित्त सोलला जाणं झालं तेव्हा सहकाऱ्यांनी हे चिकन मागवलं होतं. तुकडे लहान, आणि हाडाजवळ मांस लालसर. कच्चं आहे म्हणून मी बाजूला ठेवलं. कोरियन लोक मात्र निवांत खात होते. ते खरंच शिजलेलं असतं का?

डॉ_गार्गी

पाटीलदादा, याचं उत्तर मी देते, पशुवैद्यक आहे. कोरियात फ्राइड चिकनला बहुधा '१० नंबर'ची कोंबडी वापरतात, म्हणजे साफ केल्यावर ९५० ग्रॅम ते साधारण एक किलो. महिनाभराचाच पक्षी असतो. इतक्या कोवळ्या पक्ष्याची हाडं पूर्ण टणक झालेली नसतात, सच्छिद्र असतात. तळताना मज्जेतला लाल रंग झिरपून शेजारच्या मांसाला लागतो. ते रक्त नाही आणि कच्चेपणही नाही. हाडालगतचं तापमान ७४ अंशांपर्यंत गेलं असेल तर रंग कसाही असो, ते खायला सुरक्षित आहे. रंगावरून ठरवू नका. घरी करणार असाल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, फार महाग नसतो.

लहान तुकड्यांचाही फायदा आहे. एका कोंबडीचे बरेच लहान तुकडे केले की प्रत्येक घासात मांसाच्या मानाने कवच जास्त येतं. गावठीच्या रश्श्याची चव वेगळी, तिथे हाडाचा अर्क उतरावा लागतो. तळायला कोवळीच बरी.

पाटील_वारणाकाठ

धन्यवाद डॉक्टर. पुढच्या वेळी बाजूला ठेवणार नाही.

देगूची_पाहुणी

देगूच्या विद्यापीठात संशोधनासाठी राहते, त्यामुळे या विषयावर न लिहिणं शक्यच नाही. सुवॉनकर, तुमच्या 'अर्धं सॉसचं' या भागाचं श्रेय आमच्या शहराला जातं!

सुरुवातीपासून सांगते. कोरियात कोंबडी पूर्वी मुख्यतः पाण्यात शिजवून खायची. १९६० साली सोलच्या म्योंगदोंगमध्ये विजेच्या भट्टीत फिरवून भाजलेल्या अख्ख्या कोंबडीचं दुकान निघालं आणि ती चैनीची गोष्ट ठरली. तळायला तेल लागतं आणि ते तेव्हा महाग होतं. १९७१पासून देशातच खाद्यतेलाचं मोठं उत्पादन सुरू झालं आणि बाजारात अख्ख्या कोंबड्या तळल्या जाऊ लागल्या. पगाराच्या दिवशी वडील पिवळ्या कागदी पिशवीत तळलेली कोंबडी घेऊन घरी येत, ही आठवण आज पन्नाशी-साठीत असलेल्या कोणत्याही कोरियन माणसाला विचारा, तो भरभरून बोलेल. आमच्या प्रयोगशाळेतले ज्येष्ठ तंत्रज्ञ सांगत होते, पिशवीला तेलाचे डाग पडलेले असायचे आणि वास जिन्यातच यायचा.

तुकडे करून तळलेलं चिकन विकणारी पहिली साखळी 'लिम्स चिकन', १९७७, सोलमधल्या शिन्सेगे डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात. पुढचा भाग देगूचा. इथे युन जोंग-ग्ये यांचं चिकनचं दुकान होतं. गिऱ्हाइकांच्या टाळूला कडक कवच टोचतं आणि निवल्यावर चिकन कोरडं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. १९८०च्या सुमारास त्यांनी तिखट-गोड लाल सॉस बसवला. किमचीच्या मसाल्यावरून सुरुवात केली पण जमेना, तेव्हा शेजारच्या एका आजींनी 'मुल्योत घालून बघ' म्हणून सुचवलं, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. मुल्योत म्हणजे धान्याच्या स्टार्चपासून केलेला पातळ पाक. त्यानेच सॉसला ती चकाकी आणि चिकटपणा आला. मुळ्याच्या फोडींचं श्रेयही त्यांनाच देतात. त्यांचा 'मेक्सिकन चिकन' हा ब्रँड पुढे देशभर गेला. त्याच्या आगेमागे पेलिकाना ही साखळी (१९८२) आली, आणि सोया-लसणाचा सॉस घरोघरी पोचवणारी क्योचोन १९९१ साली गुमीत, देगूपासून जवळच, सुरू झाली. केएफसी कोरियात आली ती १९८४मध्ये, म्हणजे यांगन्योम चिकन तिच्याआधीचं आहे. 'अमेरिकन चिकनची कोरियन नक्कल' असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही, म्हणून वर्षांसकट लिहिलं.

खवय्या_ठाणेकर

माहितीपूर्ण प्रतिसाद! पण इतकी दुकानं झाली कशी? मागे वाचलं होतं की गल्लोगल्ली चिकनची दुकानं आहेत.

देगूची_पाहुणी

१९९७च्या आर्थिक संकटामुळे. कंपन्यांनी माणसं काढली, चाळिशी-पन्नाशीतले लोक एकदम घरी बसले. हाती निवृत्तीची रक्कम आणि दुसरं कौशल्य नाही. चिकनच्या साखळीचं दुकान टाकायला भांडवल कमी लागायचं, कंपनी आठवडा-दोन आठवडे शिकवायची आणि मसाला, सॉस तयार द्यायची. मग २००२चा फुटबॉल विश्वचषक आला. कोरिया उपांत्य फेरीत पोचला आणि सामना बघता बघता चिकन आणि बिअर, म्हणजे 'चिमेक', ही देशाची सवय झाली. देगूत २०१३पासून उन्हाळ्यात त्याचा महोत्सव भरतो, दुर्यू पार्कमध्ये. तिथल्या गर्दीत मी उभी राहिलेय, चिकन हातात यायला खूप वेळ लागतो, पण मजा येते.

२०१९मध्ये केबी या वित्तसंस्थेने मोजणी मांडली होती, तेव्हा कोरियात सुमारे ८७,००० चिकनची दुकानं होती. जगभरातल्या मॅकडोनाल्ड्सच्या दुपटीहून जास्त. मात्र त्याच अहवालात दरवर्षी उघडणाऱ्यांपेक्षा बंद होणारी दुकानं जास्त आहेत, हेही होतं. सुवॉनकरांच्या गल्लीतल्या त्या नवरा-बायकोबद्दल वाचताना मला हे आठवलं.

अजिंक्य_एनजे

न्यू जर्सीतून लिहितोय. एडिसनला राहणारे आम्ही मराठी लोक खास चिकनसाठी गाडी काढून फोर्ट ली, पॅलिसेड्स पार्कला जातो. ब्रॉड अ‍ॅव्हेन्यूवर कोरियन पाट्यांची रांगच रांग आहे. बुसानमध्ये २००२ साली सुरू झालेल्या बॉनचॉन या साखळीने अमेरिकेतलं पहिलं दुकान २००६मध्ये फोर्ट लीतच उघडलं होतं. तिथली पद्धत म्हणजे सॉस ब्रशने प्रत्येक तुकड्याला लावायचा, वाडग्यात घोळवायचा नाही. सॉस कमी लागतो आणि कवच जास्त टिकतं. परतीच्या वाटेवर सोया-लसूणवालं पाऊण तासानंतरही कुरकुरीत असतं, लाल मात्र थोडं मऊ पडतं. लांब न्यायचं असेल तर सोया-लसूण घ्या, हा माझा सल्ला.

सुवॉनकरांच्या पार्सलच्या मुद्द्याला +१. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, गाडीत बसल्याबरोबर खोक्याचं झाकण थोडं उघडा. गाडीत वास भरतो, भरू द्या. बंद झाकणाखाली वाफ कोंडली तर दोनदा तळण्याची सगळी मेहनत वाया जाते.

निषाद_कोथरूड

पुण्यातही आता मिळतं. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, त्यामुळे कोरियन कुटुंबं इथे आहेत आणि त्यांच्यासाठी चालणारी हॉटेलंही. पण माझा अनुभव संमिश्र. नाव घेत नाही, एका ठिकाणाहून घरपोच मागवलं तर प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात, सॉसमध्ये अक्षरशः बुडलेलं आलं. चव बरी, पण कवच लगदा झालेलं. हाताने उचलताच सुटून आलं. त्या पैशात घरचे सगळे चांगलं जेवलो असतो. इतकं महाग का असतं हे?

सुवॉनकर

निषाद, महागाईचा प्रश्न इथेही पेटलेला आहे. मोठ्या साखळ्यांकडे एक अख्खी कोंबडी आता २०,००० वॉन किंवा वर, म्हणजे साधारण बाराशे रुपये. पूर्वी घरपोच देण्याचे वेगळे पैसे नसत. २०१८मध्ये क्योचोनने २,००० वॉन लावायला सुरुवात केली आणि मग सगळीकडे ते रूढ झालं. त्यात ॲपचं कमिशन. २०२४मध्ये बेमिन या घरपोच जेवणाच्या ॲपने ते ६.८ वरून ९.८ टक्के केलं, तेव्हा दुकानदारांनी मोठा आवाज उठवला. पुढे वाटाघाटी होऊन लहान दुकानांसाठी ते कमी करावं लागलं.

स्वस्त देण्याचे प्रयत्नही झाले. डिसेंबर २०१०मध्ये लोट्टे मार्ट या सुपरमार्केट साखळीने ५,००० वॉनला चिकन काढलं. लोकांनी सकाळपासून रांगा लावल्या, पण गल्लीतल्या दुकानदारांनी पोटावर पाय येतो म्हणून इतका विरोध केला की आठवडाभरात ते बंद झालं. २०२२मध्ये होमप्लस या दुसऱ्या सुपरमार्केट साखळीने ६,९९० वॉनला पुन्हा काढलं, तेव्हा महागाईने पिचलेले लोक मात्र दुकानदारांच्या बाजूने तितके उभे राहिले नाहीत. मला दोन्ही बाजू कळतात. म्हणून मी एकच करतो, ॲपवरून मागवत नाही. दुकानात फोन करतो आणि स्वतः चालत जाऊन आणतो. बऱ्याच दुकानांत स्वतः उचलणाऱ्याला दोन-तीन हजार वॉन कमी पडतात, कमिशनचे पैसे मालकाच्या खिशात राहतात आणि चिकन दुचाकीवरच्या पेटीत वाफाळत पडत नाही. परवडणं आणि चव, दोन्हीचं उत्तर एकच निघतं.

स्वयंपाकघर_नाशिक

घरी करून बघायचं असेल त्यांच्यासाठी माझी पाकृ. मुलांच्या मागणीवरून बरेचदा करते.

चिकनचे पंख आणि तंगडीचे छोटे तुकडे, मीठ, मिरपूड, आलं-लसूण लावून तासभर ठेवायचे. नंतर कापडाने अगदी कोरडे करायचे, ही पायरी टाळू नका. वरून कोरडा बटाट्याचा स्टार्च. मोठ्या शहरात किंवा ऑनलाइन मिळतो. नाही मिळाला तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडचं कॉर्नफ्लोअर, त्यात चौथा हिस्सा तांदळाची पिठी. मैदा मी घालत नाही, त्यातल्या ग्लुटेनमुळे कवच जाड आणि ब्रेडसारखं होतं. पीठ लावल्यावर दहा मिनिटं ठेवा म्हणजे ते ओलं होऊन धरतं. १६० अंशांना आठ-दहा मिनिटं तळून जाळीवर काढा. ताटात किंवा कागदावर काढू नका, खालून घाम सुटतो. पाच-सात मिनिटांनी १८५च्या आसपास पुन्हा दोन-तीन मिनिटं. कढई लहान असेल तर थोडे थोडेच घाला, एकदम भरली की तेल थंड पडतं.

सॉसला दोन मोठे चमचे गोचुजांग (मिरची आणि सोयाबीनची आंबवलेली कोरियन पेस्ट), दोन टोमॅटो केचप, दोन मध किंवा कॉर्न सिरप, एक सोया सॉस, भरपूर ठेचलेला लसूण, थोडं पाणी. मंद आचेवर एक उकळी. गोचुजांग नसेल तर ब्याडगी मिरची भिजवून वाटून घ्या, रंग सुंदर येतो. आंबवलेल्या सोयाबीनची खोली येत नाही, पण मुलं मिटक्या मारत खातात. जुन्या कोरियन पद्धतीत चमचाभर स्ट्रॉबेरी जॅमही घालतात. मी घालते, महाबळेश्वरचा.

मुळा आदल्या दिवशी करायचा. पांढरा, कोवळा, बोटाच्या पेराएवढ्या फोडी. पाणी, व्हिनेगर, साखर समप्रमाणात, चमचाभर मीठ, उकळी आणून फोडींवर ओतायचं. निवलं की फ्रीजमध्ये.

मृण्मयी_सातारा

जॅमची कल्पना भन्नाट! या रविवारचा बेत ठरला. शाकाहारी पाहुणेही आहेत, त्यांच्यासाठी काही?

स्वयंपाकघर_नाशिक

मृण्मयी, मशरूम घ्या. बटण चालेल, ऑयस्टर मशरूम अधिक चांगलं. घट्ट पनीरही होतं, पण दुसरी तळणी अगदी थोडा वेळ. तेल मात्र वेगळं ठेवा.

देगूची_पाहुणी

त्यात भर, कोरियात मशरूम आणि टोफूचं 'गांगजोंग' असतंच, हाच गोड-तिखट पाक. शाकाहारी पाहुण्यांसाठी तयार सॉस आणलात तर पाठीमागचं वाचा, काहींत ऑयस्टर सॉस असतो. नुसतं गोचुजांग बहुधा तांदूळ, सोयाबीन आणि मिरचीचंच असतं. ग्लुटेन चालत नसेल त्यांनी मात्र गहू आहे का ते बघा.

खवय्या_ठाणेकर

पुढच्या वर्षी सोलला जाणं आहे. सुवॉनला यावं का खास यासाठी?

सुवॉनकर

जरूर या. ह्वासॉन्ग किल्ला बघा, १९९७पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथून पाल्दालमुन दरवाज्याजवळची थोंगदाक गल्ली पायी गाठता येते. तिथे जुनी पद्धत टिकून आहे : मोठ्या लोखंडी कढयांत अख्खी कोंबडी तळतात, सॉस नाही, शेजारी मीठ. बरोबर तळलेला पेटा आणि कधी पायही देतात. शनिवार-रविवारी रांग असते, दुपारी चारच्या आत जा.

सोलमध्ये एक संध्याकाळ यॉइदोला हान नदीकाठच्या बागेत घालवा. तिथे पार्सल पोचवण्याच्या ठरावीक जागा आहेत, चटई अंथरून बसायचं आणि चिकन आलं की जाऊन उचलायचं. पहिल्यांदा मागवाल तर बानबानच सांगा. आधी साधं खा, नंतर सॉसचं, मधेमधे मुळा. प्लॅस्टिकचे हातमोजे बहुधा खोक्यातच असतात.

निषाद_कोथरूड

उरलेलं दुसऱ्या दिवशी कसं गरम करता? मायक्रोवेव्हमध्ये चामडं होतं.

अजिंक्य_एनजे

एअर फ्रायर, १८० अंश, पाच-सहा मिनिटं. तुकडे एकावर एक रचू नका. सॉसचे तुकडे १६०वर, साखर करपते म्हणून. एअर फ्रायर नसेल तर जाड तव्यावर, झाकण न ठेवता, मंद आचेवर उलटसुलट करा. साधं चिकन तर मी कधी कधी गरमही करत नाही. फ्रीजमधून काढून तसंच, मुळ्याबरोबर.

स्वयंपाकघर_नाशिक

तव्यावर करताना वेगळं तेल घालू नका, त्याचं स्वतःचं सुटतं तेवढं पुरतं.